अभिप्रायाला उत्तर हवे : उच्च शिक्षणाची गुणवत्ता आणि संबंधितांचा सहभाग



१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शिक्षण आयोगास महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्याहून एक निवेदन सादर केले. त्यावर १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे. निवेदन करणाऱ्याने आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद अशी करून दिली आहे. रयतेच्या कराच्या पैशातून शिक्षणावर खर्च होतो, मग ते शिक्षण रयतेच्या मुलांपर्यंत का पोहोचत नाही, हा त्या निवेदनाचा गाभा होता. हायस्कुलातील शिक्षण व्यवहाराला उपयोगी नाही, त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे तयार होतात, आणि प्रवेश परीक्षेपायी शिक्षक व विद्यार्थी यांचे इतर सर्व शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. बारा वर्षे वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणीही त्यांनी केली.

आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा संबंधितांचा अभिप्राय होता. तो नेमका होता, अनुभवावर आधारलेला होता आणि ज्यांच्याकडे निर्णयाचा अधिकार होता त्यांच्यापुढे तो योग्य वेळी मांडला गेला होता. परंतु त्याला उत्तर कधी मिळाले? सक्तीच्या शिक्षणाचे कायदे पुढे निरनिराळ्या प्रांतांत टप्प्याटप्प्याने झाले. ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक बालकाचा हक्क म्हणून मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी, म्हणजे त्या निवेदनानंतर १२८ व्या वर्षी. अभिप्राय उत्तम असणे पुरेसे नाही. त्याला उत्तर देण्याची व्यवस्था असावी लागते. उच्च शिक्षणाच्या गुणवत्तेचा विचार करताना हाच धडा प्रथम लक्षात घ्यावा लागतो.

संबंधित कोण?

महाविद्यालय हे केवळ प्राध्यापक व विद्यार्थी यांचे नाही. विद्यार्थी तेथे शिकतात, पालक त्यासाठी पदरमोड करतात, प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी ते चालवितात, माजी विद्यार्थी तेथील शिक्षणाच्या बळावर संसार उभा करतात, आणि सहकारी साखर कारखाना, पतसंस्था, रुग्णालय, शाळा किंवा कार्यालय त्या पदवीधरांना कामावर घेते. करदाता समाज अनुदानाच्या रूपाने या सर्वांचा भार उचलतो. हे सर्वच उच्च शिक्षणाचे संबंधित घटक होत. यांपैकी प्रत्येकाला शिक्षणाच्या गुणवत्तेविषयी काही ना काही ठाऊक असते. परंतु कोणालाही सर्व काही ठाऊक नसते.

भारतातील आधुनिक विद्यापीठांची घडण मात्र या घटकांचे ऐकून घेण्यासाठी झालेली नव्हती. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे आरंभी प्रामुख्याने परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी होती. शिकविणे महाविद्यालयांत आणि परीक्षा विद्यापीठात, अशी विभागणी झाल्यामुळे वर्गात काय घडते हे विद्यापीठाला निकालाच्या आकड्यांवरूनच कळे. निकाल हासुद्धा एक प्रकारचा अभिप्रायच. परंतु किती विद्यार्थी नापास झाले एवढेच तो सांगतो, ते का नापास झाले हे सांगत नाही.

धोरणाची वाटचाल

स्वातंत्र्यानंतर या उणिवेकडे लक्ष वेधले गेले. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने शिक्षक व विद्यार्थी यांच्या संयुक्त समित्या असाव्यात असे सुचविले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांच्या कार्याचे मूल्यमापन खुले, सहभागावर आधारलेले आणि माहितीच्या पुराव्यावर उभे असावे, असा विचार मांडला. पुढे १९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच सर्वपरिचित ‘नॅक’, स्थापन केली आणि महाविद्यालयांनी आपल्या कामाचा स्वतःच लेखाजोखा मांडण्याची पद्धत रूढ होऊ लागली. प्रत्येक संस्थेत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष असावा, ही अपेक्षाही त्यातूनच आली.

या परिषदेने २०१७ साली जो सुधारित आराखडा स्वीकारला, त्यातील एक निकष येथे विशेष उल्लेखनीय आहे. अभ्यासक्रमाविषयी विद्यार्थी, शिक्षक, नोकरी देणाऱ्या संस्था आणि माजी विद्यार्थी यांचा अभिप्राय घेतला जातो काय, एवढेच तेथे विचारले नव्हते. अभिप्रायाच्या पायऱ्या पाडल्या होत्या. अभिप्राय मुळीच घेतला नाही, ही सर्वांत खालची स्थिती. केवळ गोळा केला, ही पहिली पायरी. गोळा करून त्याचे विश्लेषण केले, ही दुसरी. विश्लेषणानंतर कार्यवाही केली, ही तिसरी. आणि केलेली कार्यवाही संकेतस्थळावर सर्वांना पाहण्यास उपलब्ध करून दिली, ही सर्वांत वरची. याखेरीज विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी महाविद्यालयाच्या मध्यस्थीवाचून थेट विद्यार्थ्यांकडून करण्याची तरतूदही त्याच आराखड्यात झाली.

मूल्यांकनाचे आराखडे काळानुसार बदलत असतात आणि बदलत राहतील. परंतु या पायऱ्यांमागील विचार कोणत्याही आराखड्यापेक्षा अधिक टिकाऊ आहे. अनेक ठिकाणी अडचण येते ती पहिल्या व तिसऱ्या पायरीच्या मध्ये. छापील नमुने वाटले जातात, भरून घेतले जातात, रंगीत आलेख काढले जातात आणि तज्ज्ञांची समिती येऊन गेली की सर्व कागद कपाटात जातात. ज्या विद्यार्थ्याने तीन वर्षांत सहा वेळा नमुना भरला आणि ग्रंथालय सायंकाळी उघडे ठेवावे असे सहाही वेळा लिहिले, त्याला त्यातून एकच शिकवण मिळते, ती म्हणजे आपल्या शब्दाला किंमत नाही ही. लोकशाहीतील नागरिक घडविणाऱ्या संस्थेने अशी शिकवण देणे हे अभ्यासक्रमातील कोणत्याही त्रुटीपेक्षा अधिक गंभीर होय.

साक्ष आणि तिची मर्यादा

अभिप्रायाला उत्तर द्यावयाचे याचा अर्थ प्रत्येक अभिप्राय प्रमाण मानावयाचा असा नव्हे. १९७३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. ‘डॉ. फॉक्स’ या नावाने एका नटाला वैद्यकीय शिक्षण क्षेत्रातील जाणकार श्रोत्यांपुढे तज्ज्ञ म्हणून उभे करण्यात आले. त्याच्या व्याख्यानात तथ्य जवळजवळ नव्हते. होता तो आकर्षक आविर्भाव, विनोद आणि आत्मविश्वास. श्रोत्यांनी त्या व्याख्यानाला उत्तम अभिप्राय दिले. रंजकता आणि ज्ञान यांत गल्लत होऊ शकते, जाणत्यांचीसुद्धा, हे यावरून दिसून आले. फ्रान्स व अमेरिका येथील विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांचा अभ्यास करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, शिक्षक स्त्री आहे की पुरुष यावरूनही गुण कमीअधिक पडतात आणि सामान्यतः स्त्री शिक्षकांवर अन्याय होतो, असे आढळले.

यास्तव अभिप्रायाकडे न्यायालयातील साक्षीप्रमाणे पाहणे इष्ट ठरते. साक्षीदाराने जे स्वतः पाहिले तेवढ्यापुरतीच त्याची साक्ष ग्राह्य असते. तास वेळेवर होतात काय, शेवटच्या बाकावर शिकविलेले ऐकू येते काय, तपासलेल्या उत्तरपत्रिका परत मिळतात काय, शंका विचारण्यास मोकळीक आहे काय, प्रयोगशाळेत प्रत्येकाच्या हाती उपकरण येते काय, हे विद्यार्थ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. परंतु प्राध्यापकांचे विषयज्ञान अद्ययावत आहे किंवा नाही, हे त्याच विषयातील सहकारीच सांगू शकतात. पदवीधराला कार्यालयीन पत्र लिहिता येते काय, जमाखर्च मांडता येतो काय, हे नोकरी देणारी संस्था सांगू शकते. मात्र तिची दृष्टी आजच्या गरजेपुरती असते, आणि विद्यापीठाला पुढील ३० वर्षांचा विचार करावयाचा असतो. अभ्यासक्रमातील कोणती गोष्ट खरोखर कामी आली, हे शिक्षण संपल्यावर चार-पाच वर्षांनी माजी विद्यार्थी अधिक समतोलपणे सांगू शकतो. ज्याला जे विचारावयाचे ते त्यालाच विचारले, तर निम्मे काम सोपे होते. सर्वांना एकच छापील नमुना वाटला, तर मात्र कोणाचीही साक्ष उपयोगी पडत नाही.

म्हणूनच केवळ विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांवरून एखाद्या शिक्षकाची योग्यता ठरविणे न्याय्य नव्हे. ती भीती एकदा शिक्षकांच्या मनात बसली, तर अवघड भाग टाळणे आणि सढळ हाताने गुण देणे याकडे कल वाढतो आणि गुणवत्तेसाठी आरंभलेला उपक्रम गुणवत्तेच्याच मुळावर येतो. अभिप्रायाचा पहिला उपयोग सुधारणेसाठी व्हावा.

विचारण्याची रीत

अभिप्राय खरा यावा, यासाठी काही साधी पथ्ये आहेत. पहिले पथ्य निर्भयतेचे. ज्या प्राध्यापकाच्या हाती अंतर्गत गुण आहेत त्यानेच वर्गात नमुने वाटून गोळा केले, तर विद्यार्थी मोकळेपणाने लिहीत नाहीत. वर्गात विद्यार्थिनी सातच असतील, तर नाव न लिहिताही हस्ताक्षरावरून ओळख पटते. अशा ठिकाणी नमुने दुसऱ्या विभागाने गोळा करावेत आणि प्राध्यापकाच्या हाती एकत्रित गोषवाराच द्यावा.

दुसरे पथ्य वेळेचे. सत्राच्या अखेरीस घेतलेल्या अभिप्रायाचा लाभ पुढच्या तुकडीला होतो. देणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. सत्राच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोनच प्रश्न विचारले, म्हणजे ‘कोणत्या गोष्टीमुळे शिकण्यास मदत होते?’ आणि ‘कोणती गोष्ट अडचणीची आहे?’, तर उरलेल्या सत्रातच सुधारणा करता येते. त्यासाठी खर्च लागतो तो कागदाच्या चतकोर तुकड्याचा.

तिसरे पथ्य आकड्यांविषयीचे आहे. ६० जणांच्या वर्गात २० जणांनीच नमुने भरले असतील, तर ती संख्या अहवालात प्रथम नमूद झाली पाहिजे. सरासरीही फसवी असू शकते. अर्ध्या वर्गाने ५ पैकी ५ गुण दिले आणि अर्ध्या वर्गाने २ दिले, तर सरासरी ३.५ येते आणि सारे काही बरे चालले आहे असे वाटते. वस्तुतः अर्ध्या वर्गाला शिकविलेले पोहोचलेलेच नसते, आणि हा अर्धा वर्ग बहुधा कोणत्या शाळांतून, कोणत्या माध्यमातून आला आहे हे पाहणे हेच खरे विश्लेषण होय.

उत्तराची तीन खाती

हाती आलेल्या सूचनांची तीन खाती पाडली तर कार्यवाही सुलभ होते : शिक्षकाच्या हातातील, महाविद्यालयाच्या हातातील, आणि विद्यापीठाच्या किंवा शासनाच्या हातातील.

पहिल्या खात्याचे उदाहरण पाहू. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी विज्ञानाच्या प्रथम वर्षात इंग्रजी व्याख्यानाने गोंधळून जातो आणि नमुन्यावर ‘समजत नाही’ एवढेच लिहितो. याचा अर्थ शिक्षक वाईट शिकवितात असा होत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी वीस-पंचवीस संज्ञा फळ्यावर दोन्ही भाषांत लिहून दिल्या, तर पुष्कळ अंधार दूर होतो. १९६० साली स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत. त्यांचा याहून चांगला उपयोग कोणता?

दुसऱ्या खात्यासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. समजा, तालुक्याच्या एका महाविद्यालयात दुपारच्या प्रात्यक्षिकांना उपस्थिती कमी आहे. प्राध्यापकांना वाटते की विद्यार्थ्यांना गोडी नाही. अभिप्राय घेतल्यावर कळते की एका बाजूच्या पाच-सहा गावांकडे जाणारी शेवटची एस. टी. साडेतीनला सुटते आणि त्या गावांतील मुली प्रात्यक्षिक अर्धे सोडून निघतात. येथे दोष ना शिकविण्याचा, ना शिकणाऱ्यांचा. प्रात्यक्षिके सकाळी घेणे हे प्राचार्यांच्या हाती आहे, आणि गाडीची वेळ बदलून मिळावी म्हणून त्या गावांच्या ग्रामपंचायतींनी ठराव करून आगार व्यवस्थापकांकडे पाठविणे हे सरपंच व सदस्यांच्या हाती आहे. गुणवत्तेचा प्रश्न कधी कधी वर्गाबाहेर, बसथांब्यावर सुटतो.

तिसरे खाते अभ्यासक्रमाचे. संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम बदलता येत नाही. तो अधिकार विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा आहे. म्हणून अशा सूचना बाजूला टाकणे मात्र योग्य नव्हे. त्या संकलित करून अभ्यास मंडळाकडे पाठवाव्यात आणि कोणत्या तारखेस पाठविल्या व काय उत्तर आले, हे विद्यार्थ्यांना कळवावे. ‘हे आमच्या अधिकारात नाही, परंतु ज्यांच्या अधिकारात आहे त्यांना कळविले आहे’ हेदेखील उत्तरच होय. एखादी सूचना मान्य करता येत नसेल, तर ती का मान्य करता येत नाही हे सकारण सांगणे हेही उत्तरच होय.

वैयक्तिक गाऱ्हाणी मात्र अभिप्रायात मिसळू नयेत. त्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्यावर लोकपाल अशी स्वतंत्र योजना केली आहे. एखाद्याची शिष्यवृत्ती अडली असेल, तर त्याने वार्षिक नमुन्याची वाट पाहावी, हे योग्य नव्हे.

मागील सभेचे इतिवृत्त

ग्रामसभेत किंवा पंचायतीच्या मासिक सभेत पहिला विषय कोणता असतो? मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यानंतर सभासद विचारतात की मागच्या ठरावाचे काय झाले. पाणवठ्याच्या दुरुस्तीचा ठराव झाला आणि दुरुस्ती झाली नाही, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आणि सरपंचाला सर्वांसमक्ष कारण द्यावे लागते. खेड्यातील सामान्य माणसाला परिचित असलेली ही रीत महाविद्यालयातील अभिप्रायास लागू केली, तर वेगळ्या मोठ्या यंत्रणेची गरज राहणार नाही.

त्यासाठी लागणारे व्यासपीठ कायद्याने दिलेलेच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ अन्वये प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तीत व्यवस्थापनाच्या प्रतिनिधींबरोबर प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी, शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतील स्थानिक व्यक्ती, त्यांत किमान एक माजी विद्यार्थी, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांना स्थान आहे. वर्षातून किमान चार सभा घेणे तिला बंधनकारक आहे. या चारही सभांत ‘मागील अभिप्राय व त्यावरील कार्यवाही’ हा पहिला विषय ठेवावा. काय सांगितले गेले, काय केले, काय करता आले नाही व का, आणि पुढील जबाबदारी कोणाची, असे चार रकाने असलेला एक कागद सूचनाफलकावर लावावा. शासनाच्या अधिकाऱ्यांनी महाविद्यालयास भेट देताना आलेखांच्या फायलींआधी हा एक कागद पाहिला, तरी बरेच काही कळून येईल.

जे नमुना भरीत नाहीत

अखेरीस एका गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. आतापर्यंत ज्या अभिप्रायाविषयी विवेचन झाले तो वर्गात बसलेल्यांचा अभिप्राय. परंतु जी मुलगी दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर लग्न झाल्याने महाविद्यालयात येईनाशी झाली, जो मुलगा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला आणि परीक्षेला परतला नाही, ज्याने प्रवेश शुल्काची रक्कम ऐकून अर्जच केला नाही, त्यांच्या हाती कोणताही नमुना कधी पडत नाही. समाधानाची पाहणी ही राहिलेल्यांचे समाधान मोजते. सोडून गेलेल्यांचे मौन मोजीत नाही.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ या वर्षी देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती आणि १८ ते २३ वयोगटातील स्थूल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होते. ही प्रगती निश्चितच मोठी आहे. तथापि त्या वयोगटाचा फार मोठा भाग अद्याप महाविद्यालयाच्या दाराबाहेर आहे, हेही त्याच आकड्यांवरून दिसते. बाहेर असलेल्यांचा अभिप्राय महाविद्यालयाला घरबसल्या मिळणार नाही. तो ग्रामपंचायतीच्या सदस्यांना, प्राथमिक शाळेच्या शिक्षकांना आणि अंगणवाडी सेविकांना ठाऊक असतो. गावातून कोण महाविद्यालयात जात होते आणि आता कोण जात नाही, याची यादी गावाजवळ असते. ती यादी वर्षातून एकदा प्राचार्यांपर्यंत पोहोचली आणि प्राचार्यांनी तीवर एकेका नावापुढे काय करता येईल याचा विचार केला, तर नापासांच्या आणि गळतीच्या आकड्यांना चेहरे प्राप्त होतील. कोणाला वसतिगृह हवे असेल, कोणाला शिष्यवृत्तीची माहिती हवी असेल, कोणासाठी मुक्त विद्यापीठाचा मार्ग योग्य ठरेल.

१८८२ साली पुण्याच्या त्या शेतकरी-व्यापाऱ्याने जे मांडले, ते प्रामुख्याने शाळेबाहेर राहिलेल्यांच्या वतीनेच मांडले होते. त्याच्या शब्दाला उत्तर देण्यास राज्यसंस्थेला शतकाहून अधिक काळ लागला. आजच्या विद्यार्थ्याचे महाविद्यालयीन आयुष्य अवघे तीन-चार वर्षांचे असते. एवढा काळ थांबण्याची सवलत त्याला नाही. त्याने आज लिहिलेल्या ओळीचे उत्तर तो वर्गात बसलेला असतानाच त्याला मिळाले पाहिजे. विचारण्याचा अधिकार संस्थेला आहे. त्याबरोबर उत्तर देण्याचे कर्तव्यही तिचेच आहे. हे कर्तव्य प्रत्येक महाविद्यालयाने आणि त्याच्या परिसरातील प्रत्येक पंचायतीने आपले मानले, तर गुणवत्ता ही तपासणीपुरती राहणार नाही, ती नित्याच्या कारभाराचा भाग होईल.